मस्कतच्या डोंगरात दिसलेला तो बोकड अरबी तहर होता का, आणि ओरिक्ससारखा तोही वाढवून सोडता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: मस्कतला नोकरीला असलेला आपल्याकडचा एक मुलगा मित्रांबरोबर हजर डोंगरात ट्रेकला गेला होता. वरच्या कड्यावर लालसर तपकिरी, केसाळ, मागे वळलेल्या शिंगांचा बोकडासारखा प्राणी एकटाच उभा दिसला, फोटो काढला पण लांबून, त्यामुळे धूसर आलाय. बरोबरचा ओमानी मित्र म्हणाला हा वअल. घरी येऊन शोधलं तर नाव सापडलं अरबी तहर, शास्त्रीय नावात 'जयाकारी', आता हे जयकर कोण? आणि ओमानने ओरिक्स, म्हणजे वाळवंटातलं लांब शिंगांचं पांढरं हरीण, परत आणला तसं याचं ब्रीडिंग करून सोडत का नाहीत?

मी पशुवैद्य आहे. आधी सात वर्षं संगमनेर भागात शेळ्यामेंढ्यांचीच प्रॅक्टिस केली आणि मग आखातात वन्यप्राण्यांकडे वळलो, त्याला आता अठरा वर्षं होतील. त्यामुळे बोकड आणि तहर या दोघांचे पाय धरून झालेत, फरक सांगू शकतो.

पहिलं म्हणजे ओळख. लोक शिंगं बघतात, मी आधी बघतो किती जण आहेत. घरच्या किंवा मोकाट शेळ्या असतील तर एक दिसली की मागे आठ-दहा असतातच, ओरडत असतात, काळी पांढरी बांडी असे सगळे रंग असतात. तहर एकटा असतो नाहीतर दोन-तीन, बहुतेक वेळा मादी आणि तिचं करडू, किंवा नर एकटाच. बाकीचे डोंगरी बकरे कळपाने राहतात पण हा नाही, कारण त्या डोंगरात खायला एका जागी एवढं नसतंच की वीस तोंडं भरतील. रंग सगळ्यांचा एकच, लालसर तपकिरी, पाठीच्या कण्यावरून गडद पट्टा, नराला मानेपासून पाठीपर्यंत लांब केसांची आयाळ, पायांवर पण केसांचे झुपके. उंची खांद्याशी साधारण दोन फूट म्हणजे अगदी छोटा, हिमालयातला नर तहर सत्तर किलोच्या पुढे जातो, त्याच्यापुढे हा लहानच. शिंगं नर-मादी दोघांना असतात, बाजूने चपटी, जवळजवळ समांतर आणि सरळ मागे वळलेली, मादीची बारीक. शेळीची शिंगं बघा, पीळ असतो नाहीतर बाहेर फाकलेली असतात.

एकच घोळ होऊ शकतो. जबल अख्दर नावाच्या डोंगराची म्हणून ओमानी शेळीची जात आहे, अंगाने मोठी, लांब केसांची, त्यात तपकिरी रंगाचे बोकड निघतात आणि लांबून भल्याभल्यांना फसवतात, मला पण फसवलंय. अशा वेळी शिंगांचा पीळ बघायचा आणि पाच मिनिटं थांबून मागून कळप येतो का ते बघायचं.

आयबेक्स, म्हणजे डोंगरातला रानबकरा, असेल का असंही कोणाला वाटेल. न्युबियन आयबेक्स ओमानमधे आहे पण तो दक्षिणेला, धोफारकडे आणि मधल्या जिद्दत अल हरासीस, हुक्फच्या कड्यांमधे. हजरमधे नाही. त्याच्या नराची शिंगं कोयत्यासारखी वर जाऊन मागे येतात आणि त्यावर गाठी असतात, हनुवटीला दाढी असते, एकदा बघितला की परत चुकत नाही. अरबी गझेल हजरच्या पायथ्याला दिसतं पण ते हरणासारखं सडपातळ, पोट पांढरंशुभ्र, कड्यावर चढून बसणारं जनावर नव्हे ते. म्हणजे तुमचं वर्णन खरं असेल, एकटा, लालसर, केसाळ आणि कड्यावर, तर माझ्या मते तुम्ही तहरच बघितलात आणि खरंच नशीबवान आहात, कारण हा प्राणी सगळ्या जगात फक्त ओमान आणि यूएईच्या हजर डोंगरात आहे आणि पूर्ण वाढ झालेले अंदाजे अडीच हजाराच्या आसपास. माझ्या बरोबरचे काही रेंजर आयुष्य डोंगरात घालवूनसुद्धा वर्षाला बोटावर मोजण्याइतक्या वेळाच बघतात.

आता जयकर. डॉ. आत्माराम सदाशिव जयकर, नाव ऐकूनच कळतं आपल्याकडचे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले सर्जन, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वीस वर्षांहून जास्त काळ मस्कतला होते. विचार करा, एसी नाही, रस्ते नाहीत, उन्हाळ्यात मस्कत म्हणजे भट्टी, आणि हा माणूस दिवसा रुग्ण तपासून वर मासे, सरडे, साप, जनावरं जमवून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत होता. १८९४ मधे ऑल्डफील्ड थॉमस या सस्तन प्राण्यांच्या तज्ज्ञाने त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून हा तहर नवीन जात म्हणून जाहीर केला आणि त्यांचं नाव दिलं. एकच नाही, एका वाळूतल्या सापाला, एका सरड्याला आणि एका समुद्री घोड्याला पण त्यांचं नाव आहे. ओमानी अरबी बोलीवर त्यांनी लेख लिहिला, तिथल्या म्हणी जमवल्या, आणि निवृत्तीनंतर अद्दमीरी यांचा प्राण्यांवरचा जुना अरबी कोश इंग्रजीत आणायला घेतला. मी मस्कतला नवीन होतो तेव्हा हे कळलं आणि मला एकदम त्या जागेशी नातं जुळल्यासारखं झालं, आजही नवीन मुलगा तिकडून आला की मी त्याला पहिलं हेच सांगतो. आपल्या शाळेत हे नाव कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

थॉमसने तेव्हा याला हिमालयातल्या आणि निलगिरीतल्या तहरच्या घरात बसवलं होतं आणि शंभरच्या वर वर्षं तसंच चाललं. २००५ मधे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा लक्षात आलं की हे तिघं भाऊ नाहीतच. हिमालयातला तहर शेळीच्या जवळचा, निलगिरीचा मेंढीच्या जवळचा, आणि आपला अरबी तहर उत्तर आफ्रिकेतल्या औडाडच्या जवळचा, म्हणजे अ‍ॅटलास आणि सहाराच्या डोंगरात राहणारी ती रानमेंढी, जिच्या गळ्यापासून पुढच्या पायापर्यंत केसांची झालर लोंबते. तिघं वेगवेगळ्या घरातले, पण कड्यावर राहून राहून एकसारखे दिसायला लागले, आखूड पाय, भक्कम छाती, खुराची कड टणक आणि मधला भाग रबरासारखा मऊ की गुळगुळीत दगडावर पण पकड राहते. त्यामुळे हा मेंढी का बकरी याचं प्रामाणिक उत्तर असं की दोघांच्या मधलं तिसरंच काहीतरी. कडा आपल्याला हवा तसा प्राणी घडवतो हे आफ्रिकेत अजून स्पष्ट दिसतं, तिकडे क्लिपस्प्रिंगर म्हणून छोटं हरीण आहे, ना शेळी ना मेंढी, ते तर खुरांच्या टोकावर उभं राहून खडकावरून उड्या मारतं आणि त्याचे केस पोकळ असल्याने पूर्वी लोक घोड्याच्या खोगिरात भरायचे.

बरं, आता मूळ मुद्दा, सोडत का नाहीत. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं आणि त्यामागे एक समज आहे की पिंजऱ्यात वाढवा, दार उघडा, झालं.

ओरिक्सची गोष्ट आधी नीट बघा. अरबी ओरिक्स जीपमधून बंदुकीने मारून मारून संपवला, शेवटचा रानातला १९७२ मधे ओमानमधे मेला. पण त्याआधी १९६२ मधे काहींना एडनच्या बाजूला पकडून नंतर अमेरिकेत फिनिक्सच्या झूमधे कळप वाढवला होता, त्यातून १९८२ मधे ओमानच्या यालूनीला परत सोडले. हे का जमलं तर मैदान तेच होतं, चारा तोच होता, तिथल्या हरासीस टोळीच्या लोकांनी स्वतः राखण केली, फक्त बंदूक थांबायला हवी होती. आणि बंदूक, खरं तर पकडणाऱ्यांची जाळी, परत सुरू झाली तेव्हा काय झालं ते पण बघा, १९९६ ला तिथे साडेचारशेच्या आसपास ओरिक्स होते, खाजगी संग्रहासाठी जिवंत माद्या पकडून पकडून २००७ पर्यंत ६५ उरले, राखीव क्षेत्र ९० टक्के कमी केलं गेलं आणि युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकलं. त्या यादीतून काढलेली ती जगातली पहिली जागा. म्हणजे प्राणी सोडणं हा सोपा भाग असतो, ज्या कारणाने तो गेला ते कारण उभं असेल तर सोडलेला पण जातो.

तहर बंदुकीने जवळजवळ संपलेला नाही. शिकार होते, पण ओमानने १९७० च्या दशकातच मस्कतजवळ वादी सरीनला राखीव क्षेत्र केलं आणि तिथल्याच गावातल्या लोकांना रेंजर नेमलं, ते काम आजपर्यंत टिकलंय. तहरचं खरं दुखणं दोन, पाणी आणि शेळ्या. आणि ही दोन्ही एकाच जागी भेटतात.

ओरिक्स ओल्या चाऱ्यावर आणि दवावर बरेच दिवस काढतो, तहरला ते जमत नाही. उन्हाळ्यात त्याला दर दोन-तीन दिवसांनी प्यायला उतरावंच लागतं. आता हजरमधे उन्हाळ्यात पाणी म्हणजे वादीच्या, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या, तळाशी कुठेतरी चार बादल्या मावतील एवढा डोह. बाकी पाणी फलजने म्हणजे दगडी पाटाने गावाकडे, खजुराच्या बागांकडे नेलेलं. आणि त्या डोहावर सगळ्यात आधी कोण बसलेलं असतं तर मोकाट शेळ्या. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत डोंगरातल्या गावातले लोक शहरात नोकरीला गेले, गुराखी कमी झाले, पण शेळ्या कमी नाही झाल्या, त्या मोकळ्या सुटल्या. त्या सिद्रची पानं, म्हणजे आपल्या बोरीचंच भावंड, आणि बाभळीच्या शेंगा खाऊन टाकतात, गवताचं बी पडायच्या आधी गवत संपतं, आणि त्या घोळक्याने असल्यामुळे एकटा तहर वरच्या कपारीत वाट बघत उभा राहतो. मी कॅमेऱ्यात एक मादी बघितलीये, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तीन वेळा अर्ध्यापर्यंत उतरून परत वर गेली कारण खाली शेळ्या बसल्या होत्या. बरोबर करडू होतं. पुढे तिचं काय झालं ते कळलं नाही, पण ती चित्रं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

वैद्य म्हणून मला याच्याही पेक्षा भीती आजाराची वाटते. आपल्याकडे ज्याला शेळ्यांची बुळकांडी म्हणतात, पीपीआर, ती. संगमनेरकडे मी वाडेच्या वाडे रिकामे होताना बघितलेत, सडकून ताप, नाका-डोळ्यातून घाण, तोंडात फोड, मग हगवण, मग न्यूमोनिया. लस आहे, स्वस्त आहे, एका डोसने साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. पण मोकाट शेळीला कोण लस टोचणार? आणि हा विषाणू जवळच्या संपर्काने पसरतो, म्हणजे सगळ्यांना एकाच डोहावर यावं लागणं याच्याइतकी सोयीची जागा त्याला दुसरी नाही. मंगोलियात २०१७ च्या सुमाराला पाळीव जनावरांकडून हा आजार सायगा हरणात गेला आणि हजारोंनी मेले. तहर तर अडीच हजारच्या आसपास, त्यातही एकेका वादीत दहा-वीस, मधे हायवे आणि खाणी आल्यामुळे एका डोंगरातला दुसऱ्यात जात नाही. एका वादीत साथ आली तर तिथला तहर संपेल आणि बाहेरून परत कोणी यायचं नाही.

म्हणून मी म्हणतो की तहरसाठी काम करायचं असेल तर पहिला पैसा शेळ्यांच्या लसीकरणावर आणि मोकाट शेळ्या मालकाला परत गोळा करायला लावण्यावर घाला, पिंजऱ्यावर नंतर. ऐकायला विचित्र वाटतं. मी स्वतः ब्रीडिंगचं काम केलंय आणि ते व्हायलाच हवं, मस्कतजवळ १९८० पासून तहर वाढवताहेत, यूएईत पण आहेत, पण ती बँकेतली ठेव आहे. डोंगर तयार नसेल तर सोडून काय करणार.

शिवाय वाढवणं पण सोपं नाही. सपाट जमिनीवर ठेवलं की खूर झिजत नाहीत, चपलेसारखे पुढे वाढतात, जनावर लंगडं होतं, म्हणून कुंपणात टोकदार दगडांचे ढीग रचावे लागतात. बरं पकडायचं तर अजून अवघड. भुलीचा डार्ट लागल्यावर औषध चढायला काही मिनिटं जातात आणि तहर घाबरला की एकच करतो, वर पळतो, म्हणजे भूल चढते तेव्हा तो कड्याच्या टोकावर असतो. सुरुवातीच्या काळात एका नराच्या बाबतीत माझ्याकडून हे झालं. पडला नाही, पकडला, कॉलर लावला, उभा राहून गेला पण, मी खूश. चौथ्या दिवशी मेलेला सापडला. पळण्याच्या ताणाने आणि उष्णतेने स्नायू आतून फुटतात आणि मूत्रपिंड बंद पडतं, शेळीत मी हे कधी एवढं बघितलं नव्हतं. ऊन चढल्यावर डार्ट मारला ही माझी चूक. त्यानंतर सूर्य वर आला की मी बंदूक पेटीत ठेवतो, कोणी कितीही घाई केली तरी.

त्यामुळे मोजणी पण आम्ही जास्त करून कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, आणि लेंड्यांवर करतो. लेंड्या नुसत्या बघून शेळीच्या का तहरच्या हे सांगता येत नाही, कोणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, डीएनए करावा लागतो. आणि कॅमेऱ्याचा सेन्सर अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यातला फरक पकडतो, जूनमधे दुपारी दगडच ४० च्या पुढे गेलेला असतो तेव्हा समोरून तहर गेला तरी कॅमेरा गप्प राहतो, उलट तापलेल्या वाऱ्यात हलणाऱ्या झुडपाचे हजार फोटो काढून ठेवतो. नवीन मुलं मग म्हणतात दुपारी प्राणी येत नाहीत. येत असतील, कॅमेऱ्याला दिसत नाहीत. तोंड उत्तरेला करून, सावलीत, पाण्याच्या वाटेवर लावायचा, अगदी पाण्यावर नाही नाहीतर शेळ्यांनीच कार्ड भरतं.

आफ्रिकेतलं उदाहरण देतो म्हणजे हे फक्त ओमानचं दुखणं नाही ते कळेल. इथिओपियात सिमियन डोंगरात वालिया आयबेक्स आहे, जगात तेवढ्याच एका डोंगरात. १९६९ ला नॅशनल पार्क, १९७८ ला युनेस्कोच्या अगदी पहिल्या यादीत, आणि तरी १९९६ मधे धोक्यातल्या यादीत टाकावं लागलं, कारण पार्कच्या आत गावं, शेती आणि चराई. २०१६ मधे आतलं गिच नावाचं गाव भरपाई देऊन बाहेर हलवलं, २०१७ ला धोक्याच्या यादीतून नाव निघालं. तिथे एक भीती जास्तीची आहे, आयबेक्स आणि शेळी अगदी जवळचे, एकाच वंशातले असल्यामुळे त्यांचा संकर होऊ शकतो, तहरच्या बाबतीत निदान ती काळजी नाही. पण गाव हलवणं मला कधीच सोपं उत्तर वाटलं नाही, तिथली माणसं काही शौक म्हणून शेळ्या पाळत नव्हती. मी धनगरवाड्यांवर काम केलंय, शेळी म्हणजे घरातली रोकड असते. वादी सरीनमधे गावातल्या माणसाला पगार देऊन राखणीला लावलं ते मला त्यामुळेच जास्त पटतं.

आणि नुसती संख्या वाढवण्याच्या मागे लागलं की काय होतं ते बघायचं असेल तर औडाड बघा. स्वतःच्या घरी सहाराच्या डोंगरात तो धोक्यात, आणि १९५० च्या दशकात शिकारीसाठी टेक्सासला नेऊन सोडला तर तिथे एवढा वाढला की तिथल्या मूळच्या बिगहॉर्न मेंढ्यांनाच तो भारी झालाय. हिमालयातला तहर १९०४ ला न्यूझीलंडला नेला, तिथे सरकार तो मारायला हेलिकॉप्टर पाठवतं. जनावर वाढवता येतं हो, प्रश्न कुठे वाढतं हा आहे.

आता तुमच्या हातात काय आहे ते. तो फोटो धूसर असला तरी फेकू नका, जागा, तारीख, वेळ, किती होते आणि आजूबाजूला शेळ्या होत्या का एवढं लिहून पर्यावरण खात्याला किंवा तिथल्या रेंजरला द्या. सोशल मीडियावर टाकणार असाल तर लोकेशन काढून टाका, प्लीज, शिकारी पण ते वाचतात. आणि परत बघायची इच्छा असेल तर उन्हाळ्यात पाण्याजवळ तंबू ठोकू नका, हीच चूक सगळ्यात जास्त होते, आपल्याला वाटतं पाण्यावर येईल तर दिसेल, पण आपण तिथे बसलो की तो उतरतच नाही आणि त्याच्यासाठी ती रात्र म्हणजे अजून दोन दिवसांची तहान असते. थंडीत जा, पहाटे, समोरच्या उतारावर बसून दुर्बिणीने कडा डावीकडून उजवीकडे हळू वाचत जायचा, सावलीची बाजू आधी. तासभर काहीच हलत नाही, मग एक दगड हलतो आणि त्याला शिंगं असतात. तुमच्या जुन्या फोटोत पण एकदा नीट झूम करून बघा, त्याच्या मागे खालच्या बाजूला, मादी आणि करडू बहुतेक वेळा अजून एका टप्प्यावर उभे असतात आणि पहिल्यांदा कुणालाच दिसत नाहीत.